खांद्याचं औषध

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट एकदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा वाचला. तेवढ्यानेच समोर खुर्चीच्या टोकावर बसलेल्या लिफ्ट मेकॅनिकला घाम फुटला. खरं तर हा माणूस भित्रा नव्हे. अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा राहून, बाजूला दहा-बारा मजल्यांची पोकळी असताना, तो शीळ घालत नट आवळायचा. पण तपासणीचा कागद दिसला की त्याचं सगळं अवसान गळायचं.

"रक्त दाट झालेलं नाही. प्रोस्टेटचा आकडा व्यवस्थित आहे. लिव्हर ठीक," बाई म्हणाल्या. "म्हणजे जे वाढायला नको ते वाढलेलं नाही. पण जे वाढायला हवं तेही वाढत नाहीये. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन दोनशेच्या आत होतं. जेल सुरू केलं, किंचित वर आलं. म्हणून मागच्या खेपेला मी डोस दुप्पट केला. आता चारशे-पाचशे तरी दिसायला हवं होतं, आणि इथे आहे दोनशे साठ. एवढं औषध जातंय कुठे?"

"रोज लावतो मी. एक सकाळ चुकवलेली नाही."

"दोन्ही खांद्यांना? आंघोळीनंतर, कोरड्या अंगाला?"

"हो."

"लावून झाल्यावर हात साबणाने धुता?"

इथे मेकॅनिक अडखळला. हात धुवायचा प्रश्नच नव्हता, कारण औषध त्याच्या हाताला कधी लागतच नव्हतं. ते त्याची बायको लावून द्यायची.

"धुतो," तो म्हणाला.

"लावायला कोणाची मदत घेता का? घरी कोणाची?"

"नाही."

खोटं बोलायला त्याला एक क्षणही लागला नाही. सरावाचा परिणाम, दुसरं काय.

"विचारलेलं बरं," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाटलीवरही लिहिलेलं असतं, पण लोक विसरतात. हे जेल दुसऱ्याच्या अंगाला लागलं की तिथूनही रक्तात उतरतं. बाईमाणसाला तर फार वाईट. हनुवटीवर केस येतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, पाळी बिघडते, चिडचिड होते. आणि आवाज बदलतो. घोगरा होतो, खाली उतरतो. बाकीचं औषध थांबवल्यावर हळूहळू ओसरतं. आवाज मात्र पुष्कळदा परत येत नाही."

मेकॅनिकच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याने आयुष्यभर लोकांच्या पायाखालची जमीन वर-खाली नेली, त्याला ती सरकते म्हणजे काय होतं हे आज कळलं. हनुवटीवरचे केस, पुटकुळ्या, चिडचिड, पाळी. आणि आवाज. बाई जणू त्याच्या घरात चार महिने राहून आल्या होत्या.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही. आज नाश्ता नाही केला."

"जेल तुमच्या कातडीत नीट मुरत नसेल. असं होतं काही जणांचं. आपण इंजेक्शनवर जाऊ. इथे येऊन घ्यायचं, पुढचं घ्यायच्या आधी रक्त तपासायचं. घरी बाटली नको की काही नको."

घरी बाटली नको. बुडणाऱ्याला काडी मिळावी तसं त्याने ते वाक्य धरलं. बाटली फेकून द्यायची, इंजेक्शन गुपचूप इथेच घ्यायचं, आणि झालं गेलं गंगेला मिळालं. कोणाला काही कळायचं कारणच नाही. त्याने पहिलं इंजेक्शन तिथेच घेतलं आणि बाहेर पडला.

आता ही भानगड झाली कशी, ते सांगायला हवं.

मेकॅनिकचं आणि बायकोचं लग्न एका लिफ्टमुळे जमलं होतं. त्याच्या कंपनीने एक आवाज निवडला होता, मजल्यांचे आकडे सांगायला. दार उघडत आहे, दार बंद होत आहे, पहिला मजला, दुसरा मजला. तो आवाज या बाईचा. पेटीत आवाजाचं कार्ड बसवायचं काम मेकॅनिककडे आलं, आणि दिवसभर लिफ्टच्या टपावर बसून तो आवाज ऐकता ऐकता गडी पाघळला. पुढचं रीतसर झालं. मित्र म्हणायचे, तुझी बायको घरीही बोलते आणि कामावरही बोलते, तू सुटतोस कधी? तिला सगळे लिफ्टवाली बाईच म्हणायचे. ती फोनवरची 'आपण रांगेत आहात'ही होती, शाळेच्या ध्वनिफितींतली गोष्ट सांगणारीही होती. आवाज हीच तिची रोजीरोटी, आणि त्याहून जास्त म्हणजे तिची ऐट.

मग दोनेक वर्षांपूर्वी मेकॅनिक विझायला लागला. दुपारी लिफ्टच्या मोटारखोलीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. शिडी चढताना मांड्या भरून यायच्या. बायकोजवळ जायची इच्छाच होईना, आणि ती जवळ आली की त्याला पळून जावंसं वाटे. ती बिचारी समजली, आपलंच वय झालं. त्याने चोरून या डॉक्टरीणबाई गाठल्या, दोन सकाळी तपासायला रक्त दिलं, आणि कारण सापडलं. शरीर जे बनवायला हवं ते पुरेसं बनवत नव्हतं. औषध होतं, साधं, खांद्याला लावायचं. मधुमेहवाला इन्सुलिन घेतो तसंच. यात लाजण्यासारखं काय होतं? पण लाज काय विचारून येते? कंपनीच्या कँटीनमध्ये एकाच्या पिशवीतून ताकदीच्या गोळ्या सापडल्या, तर त्याला लोकांनी वर्षभर सोडलं नव्हतं. त्या हसण्यात आपला मेकॅनिकही होता.

म्हणून त्याने बाटलीवरचं लेबल गरम पाण्यात भिजवून सोलून काढलं, सगळ्या सूचनांसकट. आणि बायकोला सांगितलं, कंपनीच्या डॉक्टरांनी दिलंय, खांदेदुखीवरचं जेल आहे.

खांदे त्याचे खरंच दुखायचे. बायको माया करणारी. ती म्हणाली, "स्वतःच्या खांद्याला स्वतः काय चोळणार तुम्ही? बसा इकडे." आणि रोज सकाळी त्याला स्टुलावर बसवून, दोन्ही तळहातांनी, जीव लावून तिने ते औषध चोळलं. त्याने चोळू दिलं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायचं. कित्येक दिवसांत दोघांचा एवढाच स्पर्श उरला होता.

घरी जाताना त्याने मुद्दाम वाट वाकडी करून एका उंच इमारतीत पाय टाकला. लिफ्टमध्ये एकटाच शिरला आणि सगळ्यात वरचं बटण दाबलं. "दार बंद होत आहे," बायको म्हणाली. स्वच्छ, हलका, शेवटच्या अक्षरावर किंचित हसल्यासारखा आवाज. हा आवाज तो रोज ऐकत होता, आणि काही दिवसांपूर्वीपर्यंत घरातलाही रोज ऐकत होता, आणि दोन्हींत फरक पडत चाललाय हे त्याच्या कानांना केव्हाच कळलं होतं. मनाने मात्र झोपेचं सोंग घेतलं होतं, आणि सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

बाहेरच्या जगाला ते दोन आठवड्यांपूर्वी कळलं. याच इमारतीवर दोन मजले चढवले होते. जुन्या कार्डात बाविसाव्यापर्यंतच आकडे. कंपनीच्या साहेबांनी लिफ्टवाल्या बाईला बोलावलं, दोन आकडे म्हणा, जुन्याला जोडून टाकू. ती काचेच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "तेविसावा मजला." रेकॉर्डिंगवाला बटणांवर बराच वेळ बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, सर्दी झालीये का?" तिला सर्दी झालेली नव्हती. त्याने बाविसावा आणि तेविसावा पाठोपाठ ऐकवले. बाविसाव्या मजल्यापर्यंत एक बाई होती आणि तेविसाव्यावर दुसरीच कोणी तरी चढली होती.

त्या दिवशी ती घरी येऊन रडली. मोठी बहीण म्हणाली, वय झालं की बायकांचं असंच होतं, माझं नाही का झालं? घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू जाड दिसतात, म्हणाले, गाठ नाही, बोलून बोलून ताण आला असेल. पूर्ण मौन पाळा, कुजबुजसुद्धा नको. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर आवाज आला तर ठीक, नाही तर ते दुसरी बाई बघणार होते, सगळ्याच इमारतींसाठी.

तेव्हापासून घरात ती एक शब्द बोलली नव्हती. हवं-नको भुवयांनी सांगायची, रागावली की चमच्याने टेबल वाजवायची. कामावरचे मेकॅनिकला म्हणायचे, नशीब काढलंस लेका. तो हसायचा.

त्या संध्याकाळी ती दारातच उभी होती. भुवया वर करून तिने विचारलं, कुठे होतात?

"काम लांबलं," तो म्हणाला.

तिने त्याला कोमट पाणी दिलं, स्वतःही घोट घोट प्यायली, घशाभोवती ओढणी नीट गुंडाळली. केवढ्या निष्ठेने चाललं होतं सगळं. ती ज्या दुखण्यासाठी मूग गिळून बसली होती ते दुखणं तिच्या घशात नव्हतंच. ते न्हाणीघरातल्या फळीवर बसलं होतं, लेबल नसलेल्या बाटलीत. हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं. सांग, त्याचं मन म्हणत होतं. आत्ता सांग. तिला उत्तरही देता येणार नाही, केवळ ऐकून घ्यावं लागेल. आणि हा विचार मनात आला म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

त्याने नाही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या कामावर जाताना बाटली पिशवीत घालायची आणि लांब कुठे तरी टाकायची. तिचा आवाज सुधारला तर सुधारला. नाही सुधारला तर बहीण म्हणतेच आहे, वय झालं. असा हिशेब करून तो झोपायला गेला. झोप अर्थात आली नाही.

सकाळी त्याने घाई केली. आंघोळ केली, अंग पुसलं न पुसलं आणि शर्ट चढवला. बाटलीकडे हात नेतो तोच ती आत आली. तिने बाटली उचलली आणि डोळ्यांनी स्टूल दाखवलं.

"आज नको," तो म्हणाला. "खांदा बरा आहे."

तिने कपाळाला आठी घातली. त्याच्या शर्टाचं बटण धरलं.

"अगं, नको म्हटलं ना. डॉक्टर म्हणाले बंद करा आता. बरं झालंय. दे ती बाटली, टाकून देतो."

त्याने बाटली धरली. तिने सोडली नाही. टाकून कशाला द्यायची, असं तिचे डोळे म्हणाले. काटकसरी बाई, अर्धी भरलेली बाटली कोण टाकू देतं? त्याने जरा जोर लावला, तिने हिसका दिला आणि बाटली तिच्याकडेच राहिली. मग ती त्याच्याकडे पाठ फिरवून त्याच स्टुलावर बसली, गाऊन गुडघ्यांवर घेतला, बाटलीचा पंप एकदा दाबला, दोनदा दाबला आणि दोन्ही गुडघ्यांना सावकाश चोळू लागली.

मेकॅनिक बघतच राहिला. ते हात सरावाचे होते. पहिल्यांदाच लावणाऱ्याचे नव्हते.

"हे तू," तो म्हणाला. "हे तू रोज लावतेस?"

तिने मान हलवली. बोटांनी खूण केली, अर्धं तुम्हाला, अर्धं मला. गुडघ्यांवर थाप मारून हसली, म्हणजे छान वाटतं. डोस दुप्पट झाला तेव्हा तिचा वाटाही दुप्पट झाला होता. एवढं औषध जातंय कुठे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

तो खाली बसला, फरशीवर, तिच्या पायांशी. त्याने टॉवेल ओढला आणि तिचे गुडघे पुसायला लागला, खसाखसा, कातडी लाल होईपर्यंत. तिने त्याचे हात धरायचा प्रयत्न केला. तो थांबेना. शेवटी तिने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला, आणि तो रडतोय हे पाहिलं.

मग त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, उलटसुलट, जसं सुचेल तसं. रक्त कशाला तपासलं, आकडा किती होता, लेबल कसं काढलं, बाटलीत काय आहे, काल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. हनुवटीवरच्या केसांबद्दल सांगितलं. आवाजाबद्दल सांगताना त्याने मान खाली घातली. आज सकाळीसुद्धा लपवायचंच होतं, हेही सांगितलं, कारण आता अर्धंमुर्धं सांगण्याला काही अर्थ नव्हता.

ती कितीतरी वेळ गप्प राहिली. पण हे मौन डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

"परत येईल?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज होता. जाड, खोल, मधूनच फाटणारा. मौनाने त्याचं काडीचंही भलं केलं नव्हतं.

"पुष्कळदा येत नाही, म्हणाल्या."

"तुम्हाला ही लाज वाटली? माझ्यापुढे?"

"हो."

"मी काय हसले असते?"

"नाही. ते मला माहीत होतं."

"मग?"

तो हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिला.

"माझ्या आवाजापेक्षा तुमची लाज मोठी झाली," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने उठून साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, गुडघे धुतले. मग म्हणाली, "चला. मलाही तपासून घ्यायचंय. आणि यापुढे तुमचे रिपोर्ट मी वाचणार. पाकीट फोडायचंसुद्धा नाही तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी तिचा आकडा पाहून चष्मा कपाळावर सरकवला. बाईच्या रक्तात एवढं असायला नको होतं, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मेकॅनिककडे असं पाहिलं की तो खुर्चीत आणखी लहान झाला. औषध अंगातून जाईल, पुटकुळ्या जातील, पाळीचंही कळेल हळूहळू. आवाजासाठी त्यांनी एका व्यायामवाल्या बाईंचं नाव दिलं, आणि खोटी आशा दिली नाही.

महिनाअखेर आली. मेकॅनिकला वाटलं, ती आता जाणारच नाही. पण ती गेली, आणि साहेबांना म्हणाली, "जुन्याला जोडत बसू नका. जुळणार नाही. मी सगळे मजले पहिल्यापासून म्हणते. आवडलं तर ठेवा, नाही तर दुसरी बघा." रेकॉर्डिंगवाल्याने कानांवर यंत्र चढवलं. ती तळमजल्यापासून चोविसाव्यापर्यंत एका दमात चढली. काचेपलीकडून साहेबांनी मान डोलावली. वेगळा आहे, पण भारदस्त आहे, म्हणाले.

जुनी कार्डं काढून नवी बसवायचं काम कोणाकडे येणार? अर्थात मेकॅनिककडे. एकेका इमारतीत जाऊन, लिफ्टच्या टपावर बसून, त्याने बायकोचा जुना आवाज आपल्या हाताने उपटून काढला. प्रत्येक पेटी बंद करण्याआधी तो एकदा शेवटचं ऐकायचा. शीळ घालायचं त्याने सोडून दिलं होतं. अखेर त्यांच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट तेवढी राहिली.

"एवढी एक ठेवू का?" त्याने विचारलं. "आपल्याच घरातली आहे."

"नको," ती म्हणाली. "रोज जाता-येता मी होते ती बाई मला ऐकायची नाहीये. काढा."

त्याने तीही काढली. नवं कार्ड बसवलं, वरचं झाकण आवळलं, आत उतरून बटण दाबलं. "दार बंद होत आहे," खोल आवाज म्हणाला. या आवाजात शेवटच्या अक्षरावरचं ते हसू नव्हतं. तो आपल्या मजल्यावर उतरला.

त्याच दिवशी त्याचा नवा रिपोर्ट आला होता. पाकीट टेबलावर पडलं होतं, आणि अटीप्रमाणे त्याने त्याला हात लावला नाही. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पाकीट फोडलं, कागद उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचू लागली. तिला मनातल्या मनात वाचायची सवयच नव्हती. हिमोग्लोबिन. मग रक्त किती दाट आहे त्याचा आकडा. मग प्रोस्टेट. एकेक ओळ, एकेक आकडा, सावकाश, स्पष्ट, मजले सांगावेत तशा त्या नव्या आवाजात.

"टेस्टोस्टेरॉन," ती म्हणाली आणि किंचित थांबली. "पाचशे दहा. नॉर्मल."

हा आकडा ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता. तो जिच्या तोंडून ऐकू आला तिचा आवाज त्याच आकड्यापायी गेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मेकॅनिकला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही, तेवढं तरी तो शिकला होता.

तिने कागदाची घडी केली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"पुढची तपासणी कधी आहे?" तिने विचारलं. "मी येणार आहे बरोबर."